सिलिंडर शेजाऱ्याकडे ठेवला तेव्हा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी तेहतीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली आणि जोडली. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी नखांच्या कडेचं काळं पुरतं गेलेलं नाही. त्यामुळे जगातलं तेल एक दिवस आटणार, हे मला कुणी पुस्तक उघडून सांगायची गरज नव्हती. पण समजणं वेगळं आणि झळ लागणं वेगळं. मला झळ लागली ती टँकरवाल्यांचा संप झाला त्या दिवशी.

दुपारी एक वाजता मी स्कूटर घेऊन पंपावरच्या रांगेत लागलो. रांग उड्डाणपुलाखालून वळून थेट मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत गेली होती. कुणाच्या हातात बाटल्या, कुणाच्या हातात कॅन, आणि एका गृहस्थाच्या हातात चक्क दुधाची बरणी. जो तो पुढच्याकडे असं पाहत होता, जणू जगातलं सगळं पेट्रोल त्यानंच पिऊन टाकलंय. चार तास उभा राहिलो. माझ्यापुढे दोन गाड्या उरल्या आणि पंपावरच्या माणसानं दोरी आडवी बांधून हात झटकले. स्कूटर ढकलत घरी आलो, सरकारपासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांवर चिडत. त्यातच त्या आठवड्यात सिलिंडरची गाडीही आमच्या वस्तीत फिरकली नाही.

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "आपलं घर आता पेट्रोल अन् गॅसशिवाय चालवाले शिकाचं. दुनिया शिकाच्या आधी."

बायको पालक निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या घोषणा तिनं बऱ्याच ऐकल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आठवडाभरात आपोआप विरतात हेही तिला माहीत आहे. पण ही विरली नाही. मी स्कूटरवर ताडपत्री टाकली, माळ्यावरची सायकल खाली काढून तिचं सगळं अंग खोललं, आणि गच्चीवर जुन्या टायरांमध्ये माती भरून वांगी-मिरच्या लावल्या. शेजारचे भाऊ कठड्यावरून हे पाहत होते. ते उमरेडच्या कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. म्हणजे मी तेलवाला आणि ते कोळसेवाले.

"काय गा," ते म्हणाले, "जहाज बुडून राहिलं का? आत्तापासूनच फळी शोधून राहिला."

"हसा तुम्ही. पाच-दहा वर्षांनी याच फळीवर जागा मागाले यान."

"पेट्रोल संपू दे नं. आमचा कोळसा हाय जमिनीत. अन् मले एक सांग, टायर कशापासून बनवते गा?"

टायरही तेलापासूनच बनतं, हे मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. मी मिरच्यांना पाणी घालत राहिलो.

खरा अडथळा भाऊ नव्हतेच. खरा अडथळा घरात होता, आणि तो काय आहे हे मला पहिले पंधरा दिवस कळलंच नाही. मी गॅस बंद करायचं नाव काढलं की बायको विषय बदलायची. एकदा मी जरा आवाज चढवला, तेव्हा तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मले सांगा, पेट्रोल नाही, गॅस नाही, मंग शेवटी फुंकणीजवळ कोण बसन? तुमी? तुमाले तर घरात मीठ कुठं राह्यते तेही माहीत नाही."

बायकोला दमा आहे. तिचं माहेर मौद्याच्या बाजूला. लहानपणी पाच भावंडांचा स्वयंपाक तिच्याकडे होता, आणि चूल पेटायची ती कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांवर, पऱ्हाट्या-तुराट्यांवर. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे आणि शाळेत गुरुजी विचारायचे, पोरी, रडतेस कशाला. डॉक्टरांनी पहिल्यांदा श्वासाचा पंप लिहून दिला तेव्हा विडी-सिगारेटचं विचारलं होतं. ती हसली होती. मग त्यांनी चुलीचं विचारलं आणि मान डोलावली. आमच्या घरी गॅसचं कनेक्शन आलं त्या दिवशी तिनं शेगडी पुसून घेतली, पेटवली, आणि काहीही न शिजवता ती निळी ज्योत नुसती बघत उभी राहिली होती. मी तेव्हा त्यावरून तिची थट्टा केली होती. मी मूर्ख होतो, दुसरं काय.

आता तिची भीती माझ्या लक्षात आली. माझ्यासाठी तेल संपणं म्हणजे पुढची गोष्ट होती. तिच्यासाठी ती मागची होती, आणि तिला तिथं परत जायचं नव्हतं.

"धूर नाही होणार वं," मी म्हणालो. "एक कण नाही. उन्हावर शिजवू. नागपुरात उन्हाची काय कमी हाय?"

"शिजवू म्हणजे कोण?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?"

मी मिरच्यांना पाणी घालायला उठलो. तिनं मला परत बसवलं.

"असं करू," ती म्हणाली. "एप्रिलचा महिना. सिलिंडर बाहेर नेऊन ठेवा. मी एक महिना स्वयंपाकाले हात लावणार नाही. सकाळच्या चहापासून रातच्या जेवणापर्यंत सारं तुमी. धुराशिवाय अन् माझ्याशिवाय जमवून दाखवा. जमलं तर तुमी म्हणान तसं घर करू. नाही जमलं तर पुन्हा या घरात तेलाचा विषय काढाचा नाही, कधीच."

मी हो म्हणालो. वर्कशॉपमध्ये ज्या माणसानं बंद पडलेल्या शेकडो गाड्या रस्त्यावर आणल्या, त्याला दोन माणसांचं वरण-भात काय जड, असं मला वाटलं. मुलीला वर्ध्याला फोन करून सांगितलं. ती इतकी हसली की जावयानं फोन घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना.

मार्चचे उरलेले दिवस तयारीत गेले. भंगारवाल्याकडून केबलवाल्याची जुनी, माणसाहून मोठी डिश, म्हणजे छत्री, आणली. तिला आतून आरशाचे तुकडे चिकटवले, खाली जुन्या हातगाडीचा सांगाडा लावला, आणि ऊन जिथं एकवटतं तिथं भांड्यासाठी लोखंडी कडं वेल्ड केलं. पहिल्याच चाचणीला पाण्याला सात मिनिटांत उकळी आली. मी आनंदानं वाकून पाहायला गेलो, तर डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक त्या जागी गेलं आणि रुपयाएवढं भोक पडलं. तेव्हापासून मी छत्रीजवळ वेल्डिंगचा चष्मा लावून आणि दुपट्टा सदऱ्यात खोचून जायला लागलो. भाऊ म्हणाले, असा अवतार घेऊन अंतराळात जायचं असतं, वरण लावायला नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पेटी. वरण एकदा उकळलं की भांडं जाड आवरणात बंद करून ठेवायचं. आतल्याच उष्णतेवर ते दोन-तीन तासांत शिजतं, आणि संध्याकाळपर्यंत गरमही राहतं. मी एक लाकडी पेटी घेतली. आवरणासाठी काय भरावं या विचारात होतो, तेवढ्यात कूलरचं काम निघालं. मार्च संपता संपता नागपुरात घरोघरी कूलर धुतात आणि त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं बसवतात. लोक जुनं गवत फेकून देतात. मी फेकलं नाही. उन्हात कडक वाळवलं आणि पेटीत ठासून भरलं. फुकटात काम झालं म्हणून मी स्वतःवर फार खूश होतो.

कूलरबद्दलही सांगितलं पाहिजे. भाऊंनी विचारलं होतं, "तेल वाचवून राहिला, कोळशाची वीज वाचवून राहिला, मंग कूलर?" मी माझा नियम सांगितला: विजेवर दिवा, पंखा आणि कूलर चालेल, स्वयंपाक चालणार नाही, नाहीतर इंडक्शन आणून कुणीही वाघ होईल. "हाव," भाऊ गंभीरपणे म्हणाले, "कूलरले हात लावाचा नाही." या एका बाबतीत तेलवाल्याचं आणि कोळसेवाल्याचं एकमत होतं. एप्रिलमध्ये नागपुरात कूलर बंद करा म्हणणाऱ्या माणसाच्या घरी कुणी मुलगी देणार नाही.

एक एप्रिलला सकाळी सिलिंडर भाऊंच्या घरी पोचवला. त्यांनी तारीख मुद्दाम दोनदा विचारली.

पहिल्या दिवशी चहा पावणेआठला मिळाला, कारण त्याआधी सूर्यच कामावर येत नव्हता. बायको बाहेरच्या खुर्चीत बसून राहिली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोनदा गेली आणि परत आली. हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. चहा कसा झाला विचारलं तर म्हणाली, "गरम हाय."

दुपारी वरण उघडलं. शिजलं होतं, डाळ बोटानं दाबली की मऊ होत होती. मी ऐटीत तूप घालून ताट तिच्यासमोर ठेवलं. तिनं पहिला घास घेतला आणि थांबली. मग दुसरा घेतला, डोळे मिटून.

"काय झालं?"

"काही नाही. कोणीतरी कूलर लावल्यासारखं वाटून राहिलं."

मी खाल्लं. वरणाला कूलरचा वास होता. थोडा नाही, पुरता. मोसमात पहिल्यांदा कूलर सुरू केल्यावर खोलीत जो ओलसर, गवताळ वास येतो, तोच वास हिंग-जिऱ्याच्या फोडणीतून वर येत होता. भांड्यातून वाफ सुटली, ती गवतात गेली आणि वर्षभराचं कूलरचं पाणी तिनं उठवलं. मी भात संपवला तो केवळ हट्टानं. बायकोनं मात्र सगळं वरण खाल्लं आणि हात धुताना म्हणाली, "थंडा थंडा वाटलं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीत पोचली होती. दोन दिवस कुणीही भेटलं की विचारायचं, आज वरणात खस टाकली की साधं गवत.

तिसऱ्या दिवशी मी गवत फेकून दिलं आणि पेटी उघडी टाकून डोक्याला हात लावून बसलो. बायको दारात उभी होती. तिनं हात लावायचा नाही असं ठरलं होतं, तोंड लावायचा नाही असं ठरलं नव्हतं.

"माय शेतात जाताना भाताची गंजी गोधडीत गुंडाळून ठेवे," ती म्हणाली. "आम्ही शाळेतून येऊ तवा गरम राहे. कापूस पाह्यजे. गवत नाही."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी मेकॅनिक. मी काय सांगू?"

जुन्या गादीतला कापूस पिंजून घेतला, स्वच्छ कापडाच्या पिशव्या शिवल्या (शिवल्या मीच, टाके टायरच्या पंक्चरसारखे) आणि पेटी नव्यानं भरली. त्या दिवशीचं वरण खरंच उत्तम झालं. मग माझं गाडं रुळावर आलं. दर पंधरा मिनिटांनी छत्री उन्हाकडे फिरवायची, भाज्या आदल्या संध्याकाळी चिरून ठेवायच्या, संध्याकाळचं जेवण दुपारीच पेटीत टाकायचं. किती मीठ, किती पाणी, कुठल्या डाळीला किती वेळ, हे मी वर्कशॉपच्या सवयीनं खडूनं गच्चीच्या भिंतीवर लिहायला लागलो. उन्हात माझा चेहरा इंजिनच्या ब्लॉकच्या रंगाचा झाला. पण खरं सांगतो, मजा येत होती.

आणि खाली खुर्चीत वेगळंच काही चाललं होतं. पहिल्या आठवड्यात बायको अस्वस्थ होती. दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी सात वाजता पेपर उघडून बसायला लागली. आमच्या घरी पेपर सहाला पडतो, पण तिला तो तोवर दुपारी तीनला मिळायचा, भांडी, झाकपाक झाल्यावर, घड्या विसकटलेला. आता ती पहिल्या पानापासून वाचायची आणि मला गच्चीवर ओरडून बातम्या सांगायची. संध्याकाळी विहारात महिलांचं वाचन चालतं, तिथं इतकी वर्षं ती पाच मिनिटं उशिरा जाऊन दहा मिनिटं आधी उठायची. आता ती सतरंजी घालायला जायची आणि सतरंजी गुंडाळून यायची. मी हे सगळं पाहत होतो, पण मन गुंतलं होतं ते छत्रीच्या कोनात.

चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत घरोघरी काहीतरी गोड शिजतं आणि वाटलं जातं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरची खीर त्या दिवशी गल्लीत ठरलेली. दरवर्षी बायको पहाटे उठून मोठ्या गंजात खीर ढवळत असते आणि मिरवणुकीला निघते तेव्हा अर्धी मिरवणूक पुढे गेलेली असते. यंदा मुलगी-जावई आले होते, आणि खीर माझ्याकडे होती. मी सकाळी साडेआठपासून छत्री लावून, चष्मा चढवून, दूध आटवत उभा राहिलो. जावयानं डोळ्यांवर हात धरून फोटो काढले.

खाली पाहिलं तर बायको पांढरी साडी नेसून, बायकांच्या घोळक्यात, मिरवणुकीच्या अगदी पुढे उभी होती. गल्लीच्या वळणावर तिनं मागं वळून गच्चीकडे पाहिलं आणि हात हलवला. मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

"बाबा, आई अशी सगळ्यांच्या पुढे कधी पाहिली होती?"

"खीर लागन खाली," मी म्हणालो आणि पळी फिरवत राहिलो.

खीर थोडी लागलीच. पण वाटून संपली, आणि कुणी खसचं नाव काढलं नाही. भाऊ दोनदा मागून गेले.

विसाव्या दिवसापर्यंत मी इतका फुगलो होतो की सिलिंडर कायमचा परत करण्याच्या गोष्टी करायला लागलो. एकविसाव्या दिवशी आभाळ आलं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये असं अधूनमधून होतं: दिवसभर ढग, मध्येच सोसाट्याचा वारा, गारा, आणि पुन्हा दमट उकाडा. त्या दिवशी मुरमुरे-चिवडा आणि काकडीवर भागवलं. बाविसाव्या दिवशीही सूर्य दिसला नाही. भिजवलेले मूग, केळी, दही. संध्याकाळी बायकोनं डब्यातली शेवटची बिस्किटं ताटात काढली तेव्हा मला लाज वाटली.

तेविसाव्या दिवशी सकाळी पुन्हा तेच राखाडी आभाळ. उरलेले होते फक्त आठ दिवस. हरायचं नव्हतं. तेवढ्यात कठड्यावरून भाऊंनी आवाज दिला.

"सिगडी हाय माझ्याकडे. अर्धं पोतं कोळसा पण हाय. अर्ध्या तासात भात होईन."

"धूर?"

"पेटेपर्यंतच राह्यते. मंग लाल झाला की काही नाही. अन् वहिनी तर घरात झोपून हाय, तू मागच्या आंगणात लाव."

हे मला पटलं. पटलं म्हणजे, मला पटवून घ्यायचं होतं. नियमात तेल आणि गॅस होता, कोळसा मी नियमात धरलाच नव्हता, अशी पळवाट मी मनातल्या मनात काढली. रात्रभर उकाड्यानं बायकोला झोप आली नव्हती, ती आतल्या खोलीत कूलर लावून आडवी झाली होती. दार बंद होतं. मी मागच्या अंगणात सिगडी मांडली. मध्येच पावसाचे थेंब पडायला लागले, म्हणून ती टिनाच्या शेडखाली, भिंतीला धरून सरकवली. कोळसा ओलसर होता. खाली कागद, वर गोवरीचा तुकडा, मग कोळसा. पिवळट, दाट धूर निघायला लागला. पण मला एका गोष्टीचा आनंद झाला: धूर अंगणात साचत नव्हता. भिंतीकडे वळत होता आणि कुठंतरी नाहीसा होत होता. वारा चांगला आहे, असं मला वाटलं. मी पुठ्ठ्यानं आणखी हवा घातली.

तेहतीस वर्षं इंजिनात हवा कुठून येते आणि कुठं जाते हे पाहण्यात घालवलेल्या माणसाला, शेडखाली आपल्या पाठीमागे दोन हातांवर कूलरची मागची जाळी आहे आणि तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो आहे, हे दिसलं नाही. जे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं ते मला दिसलं नाही.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग भांडं पडल्याचा. मी धावलो. दार उघडलं तर खोली धुरानं भरली होती आणि कूलर पूर्ण जोरात आणखी धूर आत ओतत होता. बायको पलंगाच्या कडेला बसून उशीखाली पंप शोधत होती. तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. मी कूलर बंद केला, तिला धरून पुढच्या दारी आणलं, पंप तिच्या हातात दिला. झाकण तिनंच काढलं. भाऊ पुढच्या दारानं आले, माझ्याकडे पाहिलं, मागं गेले आणि बादलीभर पाणी सिगडीवर ओतल्याचा आवाज आला.

डॉक्टरांकडे न्यायला मी ऑटो बोलावत होतो. तिनं हातानं थांब म्हणून सांगितलं. पंपाचे दोन झोत घेतल्यावर तिचा श्वास हळूहळू खाली बसला. अर्ध्या तासानं ती खुर्चीत टेकून नीट बोलायला लागली. तो अर्धा तास मी पायरीवर बसून होतो आणि मला जगातल्या तेलाचं काहीही वाटत नव्हतं. मी तिला सांगितलं होतं, एक कण धूर होणार नाही. आणि मीच तो पंख्यानं तिच्या तोंडावर सोडला होता.

दुपारी तिला डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी तपासून, आता ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मला वेगळं बसवून जे ऐकवायचं ते ऐकवलं. ते माझ्या वाट्याचं होतं.

संध्याकाळी मी भाऊंकडून सिलिंडर खांद्यावर घेऊन आलो. भाऊ कोळशाचं पोतं घरात ठेवून दाराशी उभे होते. "माझंच चुकलं गा," ते म्हणाले. मी म्हणालो, सल्ला तुमचा होता, अक्कल माझी गेली. बायको बाहेरच्या खुर्चीत होती. मी सिलिंडर तिच्यासमोर उतरवला.

"हरलो मी," मी म्हणालो. "तेलाचं नाव काढणार नाही पुन्हा."



"गॅस जोडा," ती म्हणाली. "धूर मले नाही पाह्यजे, मंग तो दुनियेच्या भल्यासाठी असो का कशासाठी. ऊन असन तवा छत्रीवर शिजवा. आभाळ असन तवा गॅसवर. पेटी राहू द्या, वरण चांगलं होते तिच्यात. गॅस असा वापरला तर दोन महिन्यांचा सिलिंडर चार महिने पुरन. तुमी म्हणता ते तेल संपन तवा संपन, तोवर आपली सवय तर झाली राहीन."

हे मी महिनाभर बडबडून तिला पटवलं नव्हतं, आणि ती पाच-सात वाक्यांत सांगून मोकळी झाली होती. मी मान डोलावली.

"अन् शिजवान तुमीच," ती म्हणाली.

"महिना तर मोडला नं."

"तुमचा मोडला. माझा नाही."

मी रेग्युलेटर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती खुर्चीत जरा सावरून बसली. आवाज अजून बसलेला होता, पण राग नव्हता त्यात.

"पेट्रोल संपलं तर काय, गॅस संपला तर काय, याची तुमाले लय चिंता. बरी गोष्ट हाय. कोणीतरी कराले पाह्यजे. पण छत्तीस वर्षांत मी संपली तर काय करान, हे एकदा तरी मनात आलं का तुमच्या?"

चार थट्टेची उत्तरं जिभेवर आली, माझ्याकडे ती नेहमी तयार असतात. पण तिच्या छातीतून अजून बारीक शिटी येत होती. पेट्रोलचं माझ्या मनात आलं होतं, गॅसचं आलं होतं, उन्हाळ्यातल्या नळाच्या पाण्याचंसुद्धा दरवर्षी येतं. ती उद्या सकाळी उठेल आणि चहा ठेवेल, हे मी कधी विचारात घेतलंच नव्हतं. ते होणारच, असं मी धरूनच चाललो होतो.

"नाही आलं," मी म्हणालो.

"आता आलं नं?"

"हाव."

"मंग उठा," ती म्हणाली. "भूक लागली मले."

मी आत गेलो, गॅस जोडला आणि खिचडी टाकली.